रविवार मिळवून देणारा ठाणेकर

गिरणी कामगारांच्या चळवळीची हकीकत सांगू लागले की आरंभ बहुधा परळ-लालबागपासून होतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या पुरुषाने त्या चळवळीचा पाया घातला तो मूळचा आपल्या ठाण्याचा, हे पुष्कळ ठाणेकरांनाही ठाऊक नसते. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढे त्याच लोहमार्गाने हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत पोट भरावयास गेली.

घरच्या गरिबीमुळे लोखंडे यांचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी जे पाहिले ते असे : सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास; आठवड्याची ठरलेली सुटी नाही; पगाराचा दिवस मालकाच्या मर्जीवर. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण तो मुख्यतः मुलांपुरता. सात वर्षांखालील मूल कामावर घेऊ नये आणि बारापर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्याने ठरविले. त्या मुलांच्या आईबापांच्या कामाच्या तासांविषयी तो कायदा मुका होता.

लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी. कृष्णराव भालेकरांनी पुण्यास १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईहून चालवू लागले. १८८४ साली त्यांनी बाँबे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सभा भरवून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या मोजून पाच होत्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापूर्वी काम सुरू न करणे व सूर्यास्तास बंद करणे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईतो पूर्ण पगार, जन्माचा पंगू झाल्यास पोटापाण्याची सोय.

या मागण्या नीट वाचाव्यात. त्यांत पगारवाढीचा शब्दही नाही. मागितला आहे तो वेळ आणि निश्चिती. बाप अंधारात घराबाहेर पडतो व अंधारात परततो, तेव्हा मुलांना तो झोपलेलाच दिसतो. ही मागणी जितकी कारखान्याची तितकीच घराची होती. आणि रविवार हा खंडोबाचा वार असल्यामुळे घाटावरून आलेल्या कामगाराला तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

उत्तर यावयास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्या वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात मुंबईपुरते सभासद म्हणून लोखंडे यांना घेण्यात आले आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी पक्की झाली.

लोखंडे यांची संस्था ही खरी युनियन नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते, हे खरे. पण युनियनला कायद्याचे संरक्षण देणारा ट्रेड युनियन कायदा १९२६ साली झाला. १८८४ साली वर्गणीची पावती फाडणे म्हणजे कामगाराचे नाव मालकाच्या हाती देणे होते. आम्ही वर्गणी गोळा करणारी माणसे पावतीला मान देतो. तथापि पावतीआधी विश्वास लागतो, आणि तो लोखंडे यांनी मिळविला होता.

त्यांचे काम गिरणीच्या फाटकाशी थांबले नाही. विधवांचे केशवपन करू नये म्हणून १८९० साली त्यांनी मुंबईच्या नाभिकांना संघटित केले. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर राणीच्या बागेत ऐक्याची सभा भरविली. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुलेही तशाच गेल्या. सरकारने २००५ साली लोखंडे यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

त्यांच्या पाच मागण्यांपैकी शेवटची सर्वांत मागे राहिली. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, म्हणजे अर्जानंतर एकोणचाळीस वर्षांनी. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, माणसे मेली. अशा वेळी भरपाईचा पहिला प्रश्न असतो : हा माणूस कोणाच्या हजेरीपटावर होता? ठेकेदाराच्या कामगाराला या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून आपले नाव कोणत्या पटावर आहे हे कामगाराने जिवंतपणी, हातपाय धड असताना पाहून घ्यावे. आणि नसेल तर चौघांना बरोबर घेऊन ते चढवून घ्यावे.