दोन भाषा आणि मनाचा लगाम

कागदावर 'हिरवा' हा शब्द तांबड्या शाईने लिहावा आणि मित्रास शाईचा रंग विचारावा. प्रश्न सोपा, तरीही जीभ क्षणभर अडखळते. वाचनाची सवय इतकी पक्की असते, की ओठांवर आलेला 'हिरवा' मागे सारावा लागतो. जॉन रिडले स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात मनाची जी शक्ती कसास लागते, तिला आपण मनाचा लगाम म्हणू.

आम्हां बेळगावकरांना हा लगाम बोलतानाही लागतो. घरी मराठी व बाजारात कानडी बोलणाऱ्या तरुणाने 'मीठ' म्हटले, तरी 'उप्पु' हा शब्द मनात जागाच असतो. एक भाषा बोलताना दुसरी झोपी जात नाही, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. मग या नित्याच्या व्यायामाने लगाम इतर कामांतही बळकट होतो काय? पालकांना मात्र उलटीच धास्ती: मुलाचा गोंधळ तर होणार नाही ना?

एलेन बियालिस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रौढ व वृद्ध माणसांची परीक्षा घेतली. लक्ष विचलित करणाऱ्या कसोटीत द्विभाषिक सरस ठरले. त्यांत तमिळ व इंग्रजी बोलणारे भारतीयही होते. परंतु २०१३ साली केनेथ पाप व ग्रीनबर्ग यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठातील विद्यार्थी तपासले, तेव्हा असा लाभ आढळला नाही. तारुण्यात ही शक्ती मुळातच भरात असते, म्हणून फरक दिसत नाही, असे काहींचे म्हणणे आहे. ते सयुक्तिक वाटते. पण तेवढ्याने वाद मिटत नाही.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो डेव्हिड ग्रीन व जुबिन अबुतालेबी यांचा २०१३ मधील विचार. भाषा किती येतात यापेक्षा त्या कशा वापरल्या जातात, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. घरी एक व बाहेर दुसरी बोलणाऱ्यास परक्या शब्दाला आवरून धरावे लागते. एकाच दुकानात या गिऱ्हाइकाशी मराठी आणि त्या गिऱ्हाइकाशी कानडी बोलणाऱ्यास याहून अधिक सावध राहावे लागते. समोर कोण आहे, हेही क्षणोक्षणी हेरावे लागते. आणि मित्रमंडळींत एकाच वाक्यात दोन्ही भाषा मिसळणाऱ्यास? तेथे जो शब्द आधी सुचेल तो चालतो. लगाम सैल सोडला तरी कोणाचे काही अडत नाही.