सीताफळाच्या गराचा धंदा व सरकारी अनुदान

मांजरसुंब्याहून कपिलधारकडे जाताना श्रीमन्मथस्वामींच्या समाधीभोवती बालाघाटाचे जे उतार दिसतात, त्यांवर भाद्रपदाच्या सुमारास सीताफळाचा हंगाम सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा भरते तोपर्यंत तो बहुतेक आटोपत आलेला असतो. दोन-अडीच महिन्यांची ही मिळकत. फळाचे डोळे उघडून फटी पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की ते उतरवावे लागते, आणि उतरविल्यावर तीन-चार दिवसांत ते मऊ पडते. माल थांबणार नाही हे व्यापारी जाणून असतो, म्हणून भावही तोच ठरवितो. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-६’ हा वाण दिला. परंतु फळाचा नाशवंतपणा मानांकनाने जात नाही. त्यास उपाय गर काढून ठेवण्याचा. हा गर आमरसाप्रमाणे तापवून टिकविता येत नाही, कारण उष्णतेने त्यास कडवटपणा येतो. तो उणे १८ ते २० अंशांपर्यंत गोठवूनच ठेवावा लागतो. म्हणजे यंत्र, शीतपेटी आणि वर्षभराची वीज आली, व त्यामागोमाग भांडवलाचा प्रश्न आला.

या कामासाठी केंद्र सरकारने २०२० च्या जून महिन्यात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सुरू केली. तीत ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या तत्त्वावर बीड जिल्ह्यास सीताफळ नेमून दिलेले आहे. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, परंतु १० लाख रुपयांहून अधिक नाही, असे अनुदान मिळते. अर्जदाराने निदान १० टक्के रक्कम स्वतःची घालावयाची असते. जमिनीची किंमत या खर्चात धरली जात नाही, व एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस लाभ मिळतो. योजनेची मुदत पुढे २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली होती. तेव्हा कागद जुळविण्यापूर्वी तिची सद्यःस्थिती जिल्हा कृषि अधीक्षकांच्या कचेरीत विचारून घ्यावी.

येथवर बाजारात सर्वांस ठाऊक असते. ‘सरकार पस्तीस टक्के देते’ हे वाक्य खरे आहे, पण अर्धे. जुन्या तगाईत कर्ज देणारे सरकारच असे. येथे कर्ज देणारी बँक आहे व मंजुरीही तिचीच. दहा लाखांचे काम काढले असे धरा. एक लाख आपले, नऊ लाख बँकेचे. अनुदानाचे साडेतीन लाख अर्जदाराच्या हाती पडत नाहीत; ते बँकेत वेगळ्या खात्यावर जमा राहतात. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे खाते नियमित राहिले व कारखाना चालू असला, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. मध्येच खाते थकीत झाले तर बँक ती आपल्या येण्यापोटी घेते. म्हणजे ज्या तीन वर्षांत नवख्या धंद्यास पैशाची सर्वांत जास्त ओढ असते, त्याच वर्षांत अनुदान दिसते पण खर्चिता येत नाही. ही अट मला अन्यायाची वाटत नाही, कारण अनुदान घेऊन दार बंद करणाऱ्यांस ती आळा घालते. मात्र ती न समजता कर्ज उचलणे घातुक आहे.

सीताफळाच्या बाबतीत तर अधिकच. फळे घ्यावयास रोख पैसा आश्विनात लागतो, गर मात्र उन्हाळ्यात आइस्क्रीमवाल्यांकडे विकला जातो, आणि बँकेचा हप्ता दर महिन्यास येतो. म्हणून यंत्राच्या कर्जाबरोबरच खेळत्या भांडवलाची मर्यादा मागावी, पहिल्या हप्त्यांस सवलतीचा काळ मागावा, व त्याच यंत्रसामग्रीवर जांभूळ, पेरू अथवा आंबा यांचे काम करता येईल काय याचा हिशेब प्रकल्प अहवालात आधीच मांडावा. वीज गेली तर काय, हेही तेथेच लिहावे.

अहवाल करून देण्यास दलाल भेटतील. त्यांची गरज नाही. जिल्ह्यात याकरिता संसाधन व्यक्ती नेमलेल्या असून त्यांचा मेहनताना सरकार देते, अर्जदाराने द्यावयाचा नसतो. उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणीही विनामूल्य आहे.

ज्यांस नऊ लाखांचे ओझे नको, त्यांनी लहान आरंभ करावा. बचत गटांतील अन्नप्रक्रिया करणाऱ्या स्त्रियांस याच योजनेत प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल गटामार्फत मिळण्याची तरतूद होती. डोंगरातील फळे वेचणाऱ्या बायकांस ती विशेष सोईची. मुद्रा योजनेतील (२०१५) ‘शिशु’ कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण असते. एवढ्यात गर गोठविणे होणार नाही, पण प्रतवारी करून पुठ्ठ्याच्या पेट्यांत फळ भरण्याचे काम होते, व ढिगाने विकण्यापेक्षा त्यात चार पैसे अधिक सुटतात.

अर्जाची वेळही पाहावी. चौकशी, तपासणी व मंजुरी यांत काही महिने सहज जातात. फाल्गुन-चैत्रात अर्ज टाकला तर भाद्रपदापूर्वी यंत्र बसण्याची आशा धरता येते. आश्विनात अर्ज टाकणाऱ्याचे यंत्र यात्रा उलगडल्यावर येईल, आणि पुढील फळ झाडावर दिसेपर्यंत त्याचे हप्ते मात्र चालू राहतील.