पेपरला जादा वेळ मिळतो, पण जर्नलचं काय? न्यूरोडायव्हर्जंट विद्यार्थ्यांचे हक्क समजून घ्या

डिस्ग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यात अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला २०२१ च्या 'नीट'मध्ये एक तास जादा मिळायला हवा होता. वेळ संपताच इतरांबरोबर तिचाही पेपर काढून घेतला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, परीक्षा केंद्रांना प्रशिक्षण द्या असं बजावलं. फेरपरीक्षा मात्र दिली नाही.

न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे काय?

वाचणं, लिहिणं, लक्ष देणं, गोंगाट सहन करणं ही कामं प्रत्येकाचा मेंदू एकाच पद्धतीने करत नाही आणि हा फरक स्वाभाविक आहे, असं मानणारा हा विचार. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया त्यात येतात. बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध नाही. २००७ च्या 'तारे जमीन पर'मुळे डिस्लेक्सिया घरोघरी कळला. त्यातला ईशान पुढे कॉलेजात कसा टिकला, ते मात्र सिनेमात नाही!

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचं नाव यादीत नाही, त्यामुळे हे विद्यार्थी बऱ्याचदा मधेच लटकतात. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. पण लेखनिकासाठी ही अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्येच स्पष्ट केलंय.

कॉलेजात अडतं कुठे?

शाळेत सवलतीसाठी शिक्षक आणि पालक धावपळ करतात. कॉलेजात विद्यार्थ्यालाच विचारावं लागतं आणि 'नाटकं करतो' हे ऐकायच्या भीतीने अनेक जण गप्प बसतात. शिवाय सवलत असते लेखी परीक्षेपुरती. इंजिनिअरिंगवाल्यांना सबमिशनचा आठवडा आठवत असेल: रात्रभर जागून मित्राच्या फाइलवरून जर्नल उतरवायचं. बाकीच्यांना तो नुसता वैताग, डिस्ग्राफिया असलेल्याला मात्र टर्मवर्कचे मार्क घालवणारा प्रकार. टाइप केलेलं जर्नल चालवून घ्यायला कॉलेजचा एक पैसाही खर्च होत नाही. व्हायवाची वेळ आधी सांगणं, असाइनमेंट तोंडी न देता लेखी देणं, यालाही नाही.

काय करता येईल?

सरकारी रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. मुंबईत सायन, केईएम, नायरमध्ये ही सोय आहे. परीक्षा तोंडावर येण्याची वाट न पाहता सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर तिथेही प्रत द्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. तो जोडून पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.