वनस्पतींचा पुनरावृत्त डीएनए आणि गुणसूत्रबिंदू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वनस्पतींच्या गुणसूत्रांत तेच ते क्रम शेकडो, कधी हजारो वेळा आढळतात. या पुनरावृत्त डीएनएचे ढोबळ प्रकार दोन. सॅटेलाइट डीएनएमध्ये छोटा क्रम एकापाठोपाठ एक सलग येतो. स्थानांतरी घटक (ट्रान्सपोझॉन) मात्र जागा बदलून किंवा स्वतःच्या नकला करून गुणसूत्रभर पसरतात. पेशीविभाजनात तर्कुतंतू गुणसूत्राला जिथे धरतात, तो गुणसूत्रबिंदू (सेंट्रोमिअर) बहुधा अशाच पुनरावृत्तींनी भरलेला असतो.

गैरसमज: डीएनए जितका जास्त, तितकी जनुके जास्त.

वस्तुस्थिती: माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी बेसजोड्या आहेत, भाताच्या सुमारे 40 कोटी, तर गव्हाच्या सुमारे 1,600 कोटी. गव्हात तीन पूर्वज गवतांचे जनुकसंच एकत्र आले आहेत आणि त्यातला 80 टक्क्यांहून अधिक भाग पुनरावृत्त आहे. दुसऱ्या टोकाला युट्रिक्युलॅरिया गिब्बा ही कीटकभक्षी पाणवनस्पती आहे; कास पठारावरची सीतेची आसवे याच वंशातली. युट्रिक्युलॅरिया गिब्बात जेमतेम 10 कोटी बेसजोड्या असूनही जनुके 25 हजारांहून अधिक, म्हणजे माणसापेक्षा जास्त आहेत. जनुकसंचाचा आकार मुख्यतः पुनरावृत्तींमुळे फुगतो.

गैरसमज: पुनरावृत्त डीएनए म्हणजे निव्वळ अडगळ.

वस्तुस्थिती: ‘जंक डीएनए’ ही संज्ञा 1972 मध्ये सुसुमु ओहनो यांच्या लेखनामुळे रूढ झाली. पण त्याआधीच, 1940 च्या दशकात, बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांचा अभ्यास करताना स्थानांतरी घटक सापडले होते. त्यासाठी त्यांना 1983 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचे कारणही असेच आहे: स्टार्च घडवण्यात भाग घेणाऱ्या एका जनुकात सुमारे 800 बेसजोड्यांचा स्थानांतरी घटकासारखा तुकडा घुसलेला आहे. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांच्या टोकांचे रक्षण टीटीटीएजीजीजी या सात अक्षरांच्या पुनरावृत्तीमुळे होते. मात्र प्रत्येक पुनरावृत्ती उपयोगी असते, हा निष्कर्षही चुकीचा ठरेल. मक्याचा सुमारे 85 टक्के जनुकसंच स्थानांतरी घटकांचा आहे. त्यातले बरेचसे निकामी अवशेष आहेत आणि उरलेल्यांना पेशी रासायनिक खुणांनी दाबून ठेवते.

गैरसमज: गुणसूत्रबिंदू नेहमी गुणसूत्राच्या मध्यावर असतो.

वस्तुस्थिती: त्याच्या जागेनुसार गुणसूत्रांचे मध्यकेंद्री, उपमध्यकेंद्री, अग्रकेंद्री आणि अंत्यकेंद्री असे प्रकार पडतात. लव्हाळ्याच्या कुळातील अनेक वनस्पतींत तर गुणसूत्रबिंदूची ठळक खाच दिसतच नाही. तर्कुतंतू गुणसूत्राला त्याच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर चिकटतात. अशी गुणसूत्रे तुटली तरी त्यांचे तुकडे बऱ्याचदा पुढच्या पेशींत टिकून राहतात.

गैरसमज: ठरावीक क्रम असला की गुणसूत्रबिंदू तयार होतो.

वस्तुस्थिती: पावाच्या यीस्टमध्ये सुमारे 125 बेसजोड्यांचा क्रम या कामाला पुरतो, वनस्पतींत तसे नाही. गुणसूत्रबिंदूतील पुनरावृत्तीचे एकक भातात 155, मक्यात 156 आणि अरॅबिडोप्सिस या मोहरीवर्गीय वनस्पतीत 178 बेसजोड्यांचे आहे. बटाट्याच्या 12 पैकी पाच गुणसूत्रबिंदूंवर सॅटेलाइट पुनरावृत्ती नाहीत, हे 2012 मध्ये दिसून आले. तरीही ते नीट काम करतात. खरी ओळख सेनएच3 या खास हिस्टोन प्रथिनाने ठरते. ते ज्या डीएनएवर बसते तिथे तर्कुतंतूंना पकडणारी प्रथिनांची रचना उभी राहते आणि विभाजनानंतर हीच जागा नव्या पेशींत कायम राहते.

गैरसमज: गुणसूत्रबिंदूत जनुके नसतात आणि तो भाग वाचता येत नाही.

वस्तुस्थिती: भाताच्या आठव्या गुणसूत्राच्या गुणसूत्रबिंदूचा क्रम 2004 मध्ये उलगडला, तेव्हा त्यात कार्यरत जनुके आढळली. त्या गुणसूत्रबिंदूत पुनरावृत्ती तुलनेने कमी असल्याने हे शक्य झाले. लांबलचक पुनरावृत्ती छोट्या तुकड्यांतून जुळवणे म्हणजे सगळा मजकूर सारखाच असलेल्या पोथीची सुटी पाने क्रमाने लावणे. म्हणूनच 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अरॅबिडोप्सिसच्या जनुकसंचात या जागा रिकाम्या राहिल्या. डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणारी तंत्रे आल्यावर, 2021 मध्ये, तिचे पाचही गुणसूत्रबिंदू वाचले गेले.

गैरसमज: या संशोधनाचा शेतीशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: मरुथचलम रवी आणि सायमन चॅन यांनी 2010 मध्ये अरॅबिडोप्सिसच्या सेनएच3 प्रथिनात बदल केला. अशा झाडाचा सामान्य झाडाशी संकर केल्यावर बदललेल्या पालकाची गुणसूत्रे गर्भाच्या पेशीविभाजनांत गळून पडतात. त्यामुळे काही संततीत फक्त दुसऱ्या पालकाचा एकेरी संच उरतो. तो कोल्चिसीनसारख्या रसायनाने दुप्पट केला की शुद्ध वाण थेट मिळतो. एरवी त्यासाठी स्वपरागणाच्या अनेक पिढ्या काढाव्या लागतात. हीच पद्धत मका आणि गहू यांसारख्या पिकांतही वापरून पाहिली गेली आहे.