न उघडलेली पेटी

सुट्टी संपवून परतलेल्या कुटुंबाला सर्वांत प्रिय वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देऊ : स्वतःचा बिछाना. गेल्या डिसेंबरात वडिलांच्या वर्षाच्या विधीसाठी आम्ही सहकुटुंब अलिबाग तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. पंधरा दिवस आप्तेष्टांच्या भेटीगाठी, जागरणे आणि होड्या-रिक्षांचा प्रवास झाला. अखेर एका गुरुवारी मुंबईहून तीन तासांचा विमानप्रवास करून शारजाला, सातव्या मजल्यावरील आमच्या घरी पोहोचलो, तेव्हा दिवाणखान्यात पाच पेट्यांची रांग लागली आणि आम्ही व आमच्या सौ. यांनी एकमुखाने ठरविले की, सोमवारपर्यंत कोणीही कोठेही जाणार नाही.

त्या पाच पेट्यांपैकी एक आईची होती. वडील गेल्यापासून गावच्या घरात ती एकटीच राहत होती. या खेपेस आम्ही आग्रहाने तिला सोबत आणले आणि घराची किल्ली शेजाऱ्यांच्या हाती दिली. आई आली खरी, पण मनाने आली नव्हती. परतीचे तिकीट तिने स्वतःच्या बटव्यात ठेवले होते आणि पेटी उघडावयाचे नाव काढीत नव्हती. कपाटाचा एक खण तिच्यासाठी रिकामा करून ठेवला होता, तो रिकामाच राहिला. लागेल ते एखादे पातळ वरच्या कप्प्यातून काढावे आणि पुन्हा कुलूप लावावे, असा तिचा क्रम होता. आम्ही काही बोललो नाही. पण ते कुलूप येता-जाता आम्हाला दिसत असे.

अशा स्थितीत रात्रीच्या जेवणावर आमच्या थोरल्या कन्येने आठवण करून दिली : “पपा, तंबूचे काय झाले?”

हे वचन आम्ही मागील जुलैत दिले होते. जुलैत येथे पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि बाहेर झोपण्याची कल्पना इतकी अशक्य वाटते की, माणूस वाटेल ते वचन देऊन मोकळा होतो. परंतु येथील तंबूंचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा असतो, हे मुले विसरली नव्हती. आमच्याच इमारतीतील एक मल्याळी कुटुंब शनिवारी निघणार होते. सोमवारी शाळा उघडणार होती. कन्या पुढील वर्षी शिक्षणासाठी दूर जाणार असल्याने तिची ही आमच्याबरोबरची शेवटची हिवाळी सुट्टी होती, आणि हा मुद्दा तिने मांडल्यावर आमच्यापाशी उत्तर उरले नाही. सौ.नी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन न केलेले बरे.

आई मात्र ठाम होती. “तंबूत राहायला कोणी हौसेने जातो का रे?” ती म्हणाली. “माझ्या मामाला विचारायला हवे होते.”

आमच्या वाचकांपैकी कित्येकांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आईचे मामा १९५१ साली बायकामुलांसह इस्राएलला गेले आणि मआबरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छावणीत कापडी तंबूत राहिले. त्या वर्षअखेरीस देशभरच्या अशा छावण्यांत सुमारे २ लाख २० हजार माणसे राहत होती. नाना देशांतून आलेली कुटुंबे तंबूंत, पत्र्याच्या आणि लाकडाच्या खोल्यांत दिवस काढीत होती. मामांची पत्रे गावी येत, तेव्हा आईची आजी ती कोणाकडून तरी वाचून घेई आणि पदराने डोळे पुशी. आई तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. पत्रातला मजकूर तिला त्या वेळी कळत नव्हता. आजीचे डोळे तेवढे कळत होते. तंबू म्हटला की तिला तेच आठवे.

आम्ही तिला आग्रह केला नाही. सौ. तिच्यासोबत घरी राहतील असे ठरले, आणि आमच्या मते त्या दोघींना ते मनापासून पसंत होते.

पण शुक्रवारी सकाळी आईने आपण होऊन पेटी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा बाहेर काढला. त्यात वालाच्या कोवळ्या शेंगा होत्या आणि भांबुर्ड्याचा पाला होता. निघण्याच्या दिवशी शेजारणीने वाडीतून तोडून दिलेला हा ऐवज ती विसरली नव्हती. नातवंडांना पोपटी करून घालावी, एवढ्यासाठीच तो आणला होता. स्वयंपाकघरात येऊन तिने गॅसच्या शेगडीकडे पाहिले, खिडकीतून सात मजले खाली पाहिले, आणि पुडा हातात धरून उभी राहिली.

रायगड जिल्ह्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पोपटीविषयी सांगणे नको. परंतु आपल्या मुलांसाठी सांगतो. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या कडेला रात्री पोपटी लागते. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरावयाचा, त्यावर मीठ व ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी रचावयाची आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवावयाचा. मग मडके जमिनीवर पालथे घालून भोवती काटक्या-पेंढा रचून आग लावावयाची. पाण्याचा थेंब घालीत नाहीत. शेंगा स्वतःच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर शिजतात. यास मोकळी जमीन हवी, आग हवी आणि भोवती बसणारी माणसे हवीत. सातव्या मजल्यावर यांपैकी फक्त माणसे होती.

“उद्यापर्यंत शेंगा सुकतील,” आई म्हणाली. मग थोड्या वेळाने : “मी येते. पण तंबूत झोपणार नाही. गाडीत बसेन.” सौ.चाही नाइलाज झाला. पेटीला पुन्हा कुलूप लागले.

२०२२ च्या जानेवारीपासून या देशाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली आहे, आणि ती आम्हाला सोयीची पडते. शब्बाथ सुटल्यावर निघावे आणि रविवारी परतावे, असा बेत ठरला. मल्याळी शेजारी दुपारीच पुढे गेले होते. आम्ही शारजाहून पूर्वेकडे मलिहाच्या दिशेने निघालो तेव्हा अंधार पडला होता. डांबरी रस्ता सोडण्यापूर्वी चाकांतील हवा निम्म्यावर आणावी लागते. चाक पसरट झाले म्हणजे भार अधिक जागेवर विभागतो आणि गाडी वाळूत रुतत नाही. हे ज्ञान आम्हाला होते. तरीही आमची गाडी मुक्कामापासून दोनशे पावलांवर रुतली. पाऊण तास वाळू उपसून ती बाहेर काढली. त्या पाऊण तासात सौ. एकही शब्द बोलल्या नाहीत, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

मुक्काम संरक्षित क्षेत्राच्या कुंपणाबाहेर, जेथे तंबू ठोकण्यास मनाई नव्हती, अशा जागी होता. दूर फाया डोंगराची काळी रेघ दिसत होती. या डोंगराच्या कुशीत उत्खननात सापडलेली दगडी हत्यारे सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केले, आणि २०२५ साली युनेस्कोने फायाच्या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या माणसांनी येथे मुक्काम केला असावा, असे मानतात. पाऊसपाण्याचे दिवस होते तोवर ती माणसे राहिली आणि कोरडे दिवस आले तशी गेली.

जवळच एक डेरेदार झाड होते. आईने विजेरीच्या उजेडात त्याची पाने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, “ही तर शमी.” येथे त्या झाडाला घाफ म्हणतात आणि ते या देशाचे राष्ट्रीय वृक्ष आहे. राजस्थानातील खेजडी तीच, आणि पांडवांनी शस्त्रे लपविली ती शमीही हीच, हे आम्हास अठरा वर्षे येथे राहून ठाऊक नव्हते. त्याची मुळे खोल पाण्यापर्यंत जातात, म्हणून वाळवंटातही ते हिरवे राहते. ते तोडण्यास कायद्याने बंदी आहे. सरपण आम्ही वाटेत विकत घेतले होते.

पोपटीचा ताबा आईने घेतला. शारजात विकत घेतलेले मडके तिने बोटाने वाजवून पाहिले आणि ‘चालेल’ असा निर्णय दिला. पाला, शेंगा, अंडी, रताळी यांचे थर तिने स्वतः लावले. लोखंडी परातीत वाळू पसरून तीवर मडके पालथे घातले आणि भोवती काटक्या रचल्या. मल्याळी गृहिणी जवळ बसून सारे पाहत होती. आईला मल्याळम येत नव्हते आणि तिला मराठी, तरी मीठ किती व आग किती याविषयी त्यांचे काही अडले नाही. अर्ध्या तासाने मडके उघडले तेव्हा जो वास सुटला, तो वाचकांनी आठवून घ्यावा. आमच्या धाकट्याने आजवर वालाला हात लावला नव्हता. त्या रात्री त्याच्यासमोर सालींचा ढीग झाला.

आई ठरल्याप्रमाणे गाडीत जाऊन बसली. मध्यरात्रीच्या सुमारास वारा सुटला. तंबूच्या खुंट्या मातीसाठी केलेल्या होत्या. कोरड्या वाळूत त्या लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच निघतातही. एक बाजू सुटून कापड फडफडू लागले, आत मुले ओरडू लागली. शेजाऱ्यांनी युक्ती सांगितली : पिशव्यांत वाळू भरून दोर त्यांना बांधावे आणि त्या पिशव्या हातभर खोल पुराव्यात. आम्ही तिघे-चौघे खड्डे खणीत असता मागे वळून पाहिले तो आई तंबूत शिरून मधला खांब दोन्ही हातांनी धरून बसली होती.

“मामाने लिहिले होते,” ती मुलांना सांगत होती. “पाऊस आला की दोर ढिले व्हायचे. मग मामा एका बाजूने खांब धरायचा, मामी दुसऱ्या बाजूने. पोरे मध्ये झोपायची. सकाळी चिखलातून कामाला जायचे.” कन्येने विचारले, “मग ते परत का नाही आले, आजी?” आई म्हणाली, “परत यायला पैसे नव्हते. नंतर पैसे झाले, तर परत यायची गरज उरली नव्हती.”

ही हकीकत आम्हीसुद्धा सलग कधी ऐकली नव्हती. सत्तर वर्षे ती तिच्या मनात कुलूपबंद होती. आम्ही बाहेर दोर धरून उभे राहिलो आणि पिशव्या पुरून झाल्यावरही थोडा वेळ आत गेलो नाही.

वारा उतरला. दक्षिणेकडे एक ठळक तारा वर आला होता. आपण त्यास अगस्ती म्हणतो, अरबी लोक सुहैल. आपल्याकडे अगस्तीचा उदय म्हणजे पावसाळा सरत आल्याची खूण. येथे ऑगस्टअखेर पहाटे सुहैल दिसला म्हणजे उन्हाळ्याचा कडाका मोडला असे समजतात. पहाटे गाडीतील तापमापकावर ११ अंश दिसत होते. आई दोन्ही नातवंडांमध्ये रजई ओढून झोपली होती. तंबूत झोपणार नाही या प्रतिज्ञेची आठवण तिला कोणी करून दिली नाही.

सकाळी उंटांचा कळप आला. आई वाळूत पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचू लागली, त्यांत आमच्या नव्हत्या त्याही होत्या. तिचे बरोबरच होते. दुबईच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००८ पासून तपासलेल्या ३०,००० मृत उंटांपैकी ३०० उंटांच्या पोटांत प्लॅस्टिकचे गोळे आढळले होते. पोट भरल्याचा भास होऊन ती जनावरे उपासमारीने मरतात.

२०२० च्या नोव्हेंबरात तेल अवीव-दुबई थेट विमाने सुरू झाल्यापासून आपल्यापैकी पुष्कळजण या देशी येऊन गेले आहेत. कोणी तंबूचा बेत केल्यास एवढे ध्यानात ठेवावे : आभाळ भरले असता कोरड्या नदीपात्रात, ज्यास येथे वादी म्हणतात, मुक्काम करू नये. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐन परिसरात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत असा पाऊस नव्हता. डोंगरात पडलेले पाणी खाली येते तेव्हा डोक्यावर ऊनही असू शकते. पाऊस असता वादीजवळ जमणाऱ्यांना २०२३ पासून दंड आहे. खुंट्यांऐवजी पिशव्या न्याव्यात, आणि सोबत कोणी वडीलधारे येण्यास नाखूश असल्यास त्यांना काही रांधावयास सांगावे.

या देशातही पन्नास-साठ वर्षांपूर्वी कित्येक कुटुंबे बकरीच्या केसांच्या तंबूंत आणि खजुरीच्या झावळ्यांच्या घरांत राहत असत. आज त्यांची नातवंडे हौसेने तंबू घेऊन वाळवंटात येतात. आज्यांनी जे निरुपायाने सोसले ते नातवंडे सुट्टीत करतात, यात आम्हाला पूर्वी थट्टा वाटत असे. आता तसे वाटत नाही. मात्र आजी सोबत असावी आणि तिने सांगावे, एवढे आवश्यक आहे.

रविवारी दुपारी घरी आलो. पाच पेट्या होत्या तेथेच होत्या आणि आता त्यांत वाळूने भरलेल्या दोन थैल्यांची भर पडली होती. सोमवारी सायंकाळी आम्ही कामावरून परतलो तेव्हा कपाटाच्या त्या रिकाम्या खणात आईची तीन पातळे घडी घालून ठेवलेली दिसली. उरलेली पेटीत होती आणि पेटीला कुलूप होते. परतीचे तिकीट बटव्यातच आहे.

“एवढी पुरतील सध्या,” आई म्हणाली. आम्ही होय म्हटले.