वनाची शीव आणि शेताचा धुरा

नेर परसोपंत व आसपासच्या गांवांतील शेतीचा आढावा घेतांना आपण काळी व बरड जमीन, पाऊस, कपाशी, तूर व सोयाबीन यांचा हिशेब करितों. परंतु ज्या शेताची एक बाजू वनास लागलेली आहे, त्याच्या हिशेबांत आणखी एक बाब धरावी लागते. ती बाब म्हणजे वनाची शीव. ही शीव नीट राखली गेली तर वनापासून गवत, सरपण, नाल्यास पाणी व जमिनीस ओल मिळते. ती राखली गेली नाहीं तर त्याच बाजूनें रानडुक्कर, रोही व वणवा शेतांत शिरतात. म्हणून शीव राखणें हें केवळ वनखात्याचें काम आहे असें मानून स्वस्थ बसणें शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. ही शीव कशी ठरली, ती कोणीं राखावी व राखण्याचा लाभ कोणास मिळतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

शीव कशी ठरली

वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. पुढें जमिनीची मोजणी होऊन कांहीं जमीन वहितीस दिली गेली, कांहीं गांवच्या गुरांसाठीं राखली गेली व उरलेली वन म्हणून सरकारकडे राहिली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें कोणतेंही वन राखीव करावयाचें झाल्यास अगोदर जाहीरनामा काढून त्याच्या सीमा सांगाव्या लागतात व लोकांचे हक्क ऐकून घ्यावे लागतात. १९८० च्या वन संरक्षण कायद्यानें वनजमीन केंद्र सरकारच्या मान्यतेवांचून दुसऱ्या कामास देण्यास बंदी झाली. या सर्वांचा परिणाम असा कीं, आज एकाच टेकडीच्या उतारावर राखीव वन, महसूल खात्याची ‘ई-वर्ग’ जमीन आणि खातेदाराचें शेत अशीं तिन्ही एकमेकांस लागून असलेलीं आढळतात. डोळ्यांस तें सारें एकच रान दिसतें. कागदोपत्रीं मात्र त्यांचे धनी निराळे व नियमही निराळे आहेत.

जेथें मुनारे ढासळले व दगड हलले, तेथें दरसाल नांगराचें एक तास पुढें सरकतें. हें करणारा नेहमीं भूमिहीनच असतो असें नाहीं. चांगले खातेदारही यांत सांपडतात. अशा जमिनीवर कर्ज मिळत नाहीं, वन्यप्राण्यांनीं पीक खाल्लें तर भरपाई मिळत नाहीं, आणि मूळ गटाच्या मोजणीच्या वेळीं तंटा उभा राहतो तो निराळाच. दोन तासांच्या लोभानें दहा एकरांचा कागद संशयांत पाडणें हा व्यवहार तोट्याचा होय.

शीव कोणीं राखावी

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत जगांतील अनेक राष्ट्रांचीं पन्नास वर्षें खर्ची पडलीं आहेत. नेपाळांत १९७८ सालीं ऑस्ट्रेलिया देशाच्या साहाय्यानें सिंधुपाल्चोक व काभ्रे या डोंगरी जिल्ह्यांत वनप्रकल्प सुरू झाला. प्रारंभीं रोपवाटिका काढणें व उघड्या डोंगरांवर झाडें लावणें यांवर भर होता. परंतु वनाचा उपभोग घेणाऱ्या गांवकऱ्यांच्या हातीं कारभार दिल्याखेरीज लावलेलें टिकत नाहीं, हें हळूहळू ध्यानांत आलें. १९९३ च्या वन कायद्यानें तेथील गटांस तसा अधिकार दिला, आणि आज त्या देशांत असे बावीस हजारांहून अधिक गट आहेत.

आफ्रिकेंतील नायजर देशाचें उदाहरण आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यास अधिक जवळचें वाटेल. तेथें शेतांतील झाडही सरकारचें समजलें जाई. म्हणून शेतकरी तें वाढूंच देत नसे. १९८३ च्या सुमारास मराडी भागांत नवीं रोपें लावण्याऐवजीं जुन्या खोडांस फुटणारे कोंब राखण्याची रीत सुरू झाली, आणि झाडाचा लाभ तें राखणाऱ्यास मिळूं लागला. पुढील वीस-पंचवीस वर्षांत सुमारे पन्नास लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडें उभीं राहिलीं. दोन्ही ठिकाणचा धडा एकच. पैसा बाहेरून येऊं शकतो, राखणदार मात्र गांवांतूनच निघावा लागतो. आणि ज्यास फळांत वांटा नाहीं तो राखण करीत नाहीं.

महाराष्ट्रांतही १९९२ सालीं जागतिक बँकेच्या साहाय्यानें वनप्रकल्प हातीं घेतला गेला, व त्याच वर्षीं मार्च महिन्यांत संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासकीय ठराव निघाला. गांवोगांव समित्या झाल्या, कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचे ठराव झाले. परंतु समितीस मिळणारा वांटा हा खात्याच्या मर्जीचा होता, कायद्याचा नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ही उणीव भरून काढली. त्यान्वयें गांव परंपरेनें ज्या वनाचें रक्षण करीत आलें, तें सामूहिक वन म्हणून राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क ग्रामसभेस मागतां येतो. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ पासून तेथील ग्रामसभा आपला बांबू आपल्याच वाहतूक परवान्यावर विकूं लागली.

याहून जवळचें उदाहरण अमरावती जिल्ह्यांत मेळघाटच्या पायथ्याशीं असलेल्या पायविहीर गांवाचें आहे. २०१२ सालीं त्यास सुमारे १९० हेक्टर उघड्या पडलेल्या वनावर हक्क मिळाला. गांवानें तेथें चराई आंवरली, माती-पाण्याचीं कामें केलीं, झाडें लावलीं, आणि त्या टेकड्यांवरील सीताफळें मुंबईच्या बाजारापर्यंत पोंचविलीं. २०१४ सालीं या गांवास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सहभागानें दिला जाणारा जैवविविधता पुरस्कार मिळाला. पायविहिरीची जमीन आपल्या बरडीहून श्रीमंत होती असें नाहीं.

येथें एक शंका निघते. हा कायदा आदिवासींचा, त्याशीं सात-बाराच्या धन्याचा काय संबंध? वैयक्तिक हक्काच्या बाबतींत हें बरेंचसें खरें आहे. अनुसूचित जमातींवांचून इतरांस तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास व वनावरील अवलंबन दाखवावें लागतें. परंतु ग्रामसभेंत गांवचे सर्व प्रौढ स्त्रीपुरुष येतात, आणि वन राखलें गेलें तर गवत, पाणी व ओल यांचा लाभ लगतच्या खातेदारास मिळतोच. म्हणून त्यानें या कामांत आडवें येऊं नये, हात द्यावा.

वन्यप्राणी व शीव

वन्यप्राणी मुनारे जाणत नाहींत. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून, गळ्यांत रेडिओ-पट्टा असलेला एक तरुण वाघ निघाला. तो महाराष्ट्र व तेलंगण यांची सीमा ओलांडून, शेतें, नाले व वनाचे तुटक तुकडे यांतून सुमारे १,३०० किलोमीटर चालून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. या प्रवासावरून वनाचे लहान तुकडेही किती मोलाचे आहेत हें दिसतें. याची दुसरी बाजू दुःखाची आहे. पांढरकवडा व राळेगांव भागांत एका वाघिणीशीं तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला व २ नोव्हेंबर २०१८ रोजीं ती मारली गेली. वन, चराई व वहिती हीं जेथें एकमेकांत गुंतलेलीं असतात, तेथें अशा प्रसंगाची किंमत माणूस व जनावर दोघांसही द्यावी लागते.

शेतकऱ्यास रोजचा उपद्रव होतो तो रानडुक्कर व रोही यांचा. त्यावर कुंपणांत थेट वीज सोडणें हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. त्यानें डुकराबरोबर शेजाऱ्याचा बैल व जागलीस गेलेला आपलाच माणूसही मरतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो, त्यानें जनावर दचकून मागें फिरतें. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें भान ठेवून असेच उपाय योजावेत. धुऱ्यावर सागरगोटी, करवंद यांसारखीं काटेरी झुडपें दाट लावल्यास तीन-चार वर्षांत जिवंत कुंपण तयार होतें. शेतालगतच्या नाल्यांतील घाणेरीचीं जाळीं मात्र काढावीं, कारण डुकरें दिवसा तेथेंच दडून बसतात. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आंत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा, सोबत सात-बारा जोडावा, आणि पंचनामा होईपर्यंत पीक हलवूं नये.

वणवा

वनाचा सर्वांत मोठा शत्रू वणवा होय, आणि पुष्कळदां तो आपल्याच धुऱ्यावरून निघतो. उन्हाळवाहीच्या वेळीं पऱ्हाटी व धुऱ्याचें गवत पेटविलें जातें. दुपारचा वारा तें शिवेपलीकडे नेतो. सागाचें मोठें झाड आगीतून वांचतें, परंतु त्याखालीं उगवलेलीं रोपें, गवताचें बीं व पालापाचोळा जळून जातो. मग पहिल्या पावसांत उघडी माती वाहून येते, नाला गाळानें भरतो व पाणी जिरत नाहीं. अर्थात् आगीचा तोटा वनास एकदां, पण खालच्या शेतास दरसाल सोसावा लागतो. राखीव वनांत आग लावणें हा १९२७ च्या कायद्यानें गुन्हा आहे; शिवाय जे लोक त्या वनांत हक्क वा सवलती भोगतात, त्यांनीं आग विझविण्यास साह्य करणें कायद्यानेंच बंधनकारक केलें आहे.

वनखातें १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतें व त्यापूर्वीं जाळरेषा साफ करितें. शेतकऱ्यानेंही आपल्या बाजूस आठ-दहा हातांची पट्टी गवत कापून मोकळी ठेवावी, आणि पऱ्हाटी जाळण्याऐवजीं बारीक करून शेतांतच कुजवावी. कापलेलें गवत गुरांच्या उपयोगी पडतें.

आतां करावयाचें काम

ज्यांचें शेत वनास लागून आहे त्यांनीं प्रथम भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून मोजणी करून घ्यावी, व तिच्या वेळीं वनरक्षकास बोलवावें; दोघांच्या समक्ष रोंवलेला दगड पुढच्या पिढीचा तंटा वांचवितो. दुसरें, २६ जानेवारीची ग्रामसभा आगीच्या हंगामापूर्वीं येते. त्या सभेंत धुरे न जाळण्याचा व पाळीपाळीनें राखण करण्याचा ठराव करावा. तिसरें, चराईसाठीं रानाचे भाग पाडून एक भाग आळीपाळीनें बंद ठेवावा व तेथील गवत कापून न्यावें. यांपैकीं कोणत्याही कामास मोठा पैसा लागत नाहीं. एकमत मात्र लागतें, आणि तें पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वींच करून ठेवणें हिताचें आहे.