रात्री नऊची सोबत

धर्म माणसाला माणसांत आणतो, असे आपण सहज म्हणतो. महाराष्ट्रातल्या पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांच्या कहाण्या मात्र वेगळेच सांगतात. बाप्तिस्मा झाला की घराचे दार बंद होई, पंगतीतले पान जाई, विहिरीचे पाणी तुटे. श्रद्धेने या माणसांना आधी एकटे पाडले. सोबत मिळाली ती नंतर, आणि तीही भलत्याच दाराने.

लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा ना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू होता. माहेर कमालीच्या सोवळ्याओवळ्याचे. नवरा जिवंत, पत्रे लिहिणारा, जिवापाड प्रेम करणारा. पण त्याच्या हातचे पाणी चालायचे नाही! विधवेच्या दुःखाला निदान नाव असते, बाईंच्या दुःखाला तेही नव्हते. पंढरपुरात नातलगांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी आपला सोवळा संसार वेगळाच ठेवला.

हा दुरावा वादविवादाने मिटला नाही. माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही, हे त्यांचे त्यांना उमगले आणि मनातली भिंत एकदाची पडली. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मग टिळकांचे घर पोरक्या मुलांनी भरून गेले. १९१९ साली टिळक गेले आणि एकटेपण पुन्हा दाराशी आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने त्यानंतर टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्या पुस्तकातले हसू ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ते किती अंधारातून आले असेल हे निराळे सांगायला नको.

पंडिता रमाबाईंचे तर याहून विलक्षण. दुष्काळाच्या भटकंतीत आईवडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. चोविशीच्या आत सगळे सरले. उरली ती तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून एकटेपण संपले का? उलट वाढले. धर्मांतराच्या वादावरून १८९३ साली शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसेही बाहेर पडली. पण १८९६-९७च्या दुष्काळात, स्वतः एकेकाळी उपाशी फिरलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि तिथल्या निराधार मुली-बायकांना घेऊन आली. केडगावचे मुक्तिसदन त्यातून भरले. जिचे कोणी उरले नव्हते, तिला शेकडो मुली आई म्हणू लागल्या. १९२१ साली मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातातून सुटले नाही. पुढच्याच वर्षी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, रमाबाईंनी डोळे मिटले.

या दोघींविषयी मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. पण शिकवणे वेगळे आणि कळणे वेगळे. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, मुलगी परदेशी, तेव्हा कुठे कळायला लागले. पहिले पंधरा दिवस घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मंडळीतल्या बायकांनी डबे आणले, घरप्रार्थना झाल्या. मग जो तो आपापल्या संसाराला लागला. त्यात त्यांचा दोष नाही, जग असेच चालते. दिवस कसाबसा जाई. पण रात्री जेवण आटोपले, एकुलते ताट घासून पालथे घातले, की पुढे काय? अर्धा कप चहा करायची सवय हाताला अजून नव्हती. रविवारी भरल्या चर्चमध्ये बसले, तरी शेजारची रिकामी जागाच डोळ्यांना दिसे.

अशात आमच्या पाळकसाहेबांनी एक काम सांगितले. पलीकडच्या गल्लीत एक आजी अंथरुणाला खिळल्या होत्या, नजरही गेली होती. त्यांना आठवड्यातून एकदा स्तोत्रे वाचून दाखवायची. मी भिडेखातर गेले. खरे तर मलाच कुणीतरी यायला हवे होते!

आजी खणखणीत होत्या. वाचताना माझी घाई झाली की म्हणत, “बाई, गाडी चुकतेय का तुमची?” टिळकांची भजने त्यांना तोंडपाठ होती. मी एक ओळ म्हटली की पुढची त्या म्हणत. महिन्याभराने निघताना त्यांनी माझा हात धरला. “रात्री नऊला मी तुमचं नाव घेते हं देवापुढे. रोज. चुकत नाही.”

त्या रात्री नऊचे ठोके पडले आणि मी थबकले. इथून चार घरांवर, अंधारात, एक दृष्टिहीन म्हातारी या क्षणी माझे नाव उच्चारते आहे! घर तेच होते, खुर्ची रिकामीच होती. पण यजमान गेल्यापासून प्रथमच मला वाटले, आपण कुणाच्या तरी हिशेबात आहोत. आपले नाव कुणीच घेत नाही, हीच तर एकाकीपणाची खरी कळ असते.

तेव्हापासून शुभवर्तमानातली गेथशेमाने बागेची रात्र मी वेगळ्या मनाने वाचते. मरणाच्या आदल्या रात्री येशूने तीन जिवलग शिष्यांना फक्त आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले. तिघेही झोपी गेले. दुसऱ्या दिवशी क्रुसावर, देवानेही आपल्याला टाकले का, असा टाहो त्याने फोडला. एकटेपणाची ही वाट ज्याने स्वतः तुडवली, त्याच्यापुढे आपले एकटेपण लपवावे लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा मला मिळालेला आधार तो हा. ती एकटेपण पुसून टाकते असे मी म्हणणार नाही. ती त्या रिकाम्या घराचे दार आतून उघडायला लावते. पोरक्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी ते उघडले, दुष्काळातल्या मुलींसाठी रमाबाईंनी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. प्रार्थना हे औषधाला पर्यायी नव्हे. अन्नावरची वासना उडाली, झोप गेली, जगणे नको झाले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या गेल्याच्या रात्री नऊ वाजले आणि पोटात खड्डा पडला. आता आपले नाव कोण घेणार? बराच वेळ तशीच बसून राहिले. मग वही काढली आणि नावे लिहू लागले. परवाच मुलगा गमावलेले शेजारचे काका. नोकरीसाठी गावाहून आलेली, वरच्या खोलीत एकटी राहणारी मुलगी. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून कुणाशी न बोलता निघून जाणारे गृहस्थ. आज त्या वहीत एकतीस नावे आहेत. सगळी ख्रिस्ती नाहीत. देवाला ते विचारावेसे वाटत असेल असे मला वाटत नाही.

नावे घेतली की मग नुसते बसवत नाही. दुसऱ्या दिवशी पाय त्या दाराकडे वळतात. वरच्या खोलीतली मुलगी आता रविवारी माझ्याकडे जेवते. तिला आमटी तिखट लागते.